जॉनचे नऊ दिवस : आईपासून दूर राहिलेल्या १७ महिन्यांच्या मुलाचा प्रकरण अभ्यास

आईला दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात जायचं आहे आणि घरी १७ महिन्यांचा पहिला मुलगा आहे. त्याला ठेवायचं कुठे? १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका तरुण जोडप्यापुढे हा प्रश्न होता. जवळपास नातेवाईक नव्हते. वडील नोकरीत अशा टप्प्यावर होते की रजा काढून घरी बसणं शक्य नव्हतं. फॅमिली डॉक्टरांनी तिथल्याच एका निवासी बालगृहाचं नाव सुचवलं. संस्था मान्यताप्राप्त होती, लहान मुलं सांभाळणाऱ्या नर्सेसना तिथे प्रशिक्षण दिलं जायचं. कळा सुरू झाल्या त्या रात्री दवाखान्याच्या वाटेवर मुलाला तिथे सोडलं. तो तिथे नऊ दिवस राहिला.

मुलाचं नाव जॉन. जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने त्या नऊ दिवसांचं चित्रीकरण केलं, रोजच्या नोंदी ठेवल्या आणि १९६९ मध्ये त्यावरचा माहितीपट प्रसिद्ध केला. जेम्स रॉबर्टसन लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करत. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, रॉबर्टसन पती-पत्नी दोघंही बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेडमधल्या युद्धकालीन बालगृहात होते. आईबापांपासून तुटलेली मुलं त्यांनी तिथे रोज जवळून पाहिली होती. पुढची सगळी कामं त्या अनुभवातून उभी राहिली.

बाळाचा आईशी किंवा सांभाळणाऱ्याशी जुळणारा अनुबंध समजून घ्यायला मी विद्यार्थ्यांना नेहमी हेच प्रकरण देते. त्याचं कारण असं की यात दुष्ट कोणीच नाही. आईबाप प्रेमळ आहेत, नर्सेस हसतमुख आहेत, खाणंपिणं वेळेवर आहे, जागा स्वच्छ आहे. तरीही मुलगा डोळ्यांदेखत कोसळत जातो. मग नक्की कमी काय पडलं, हे शोधावंच लागतं.

१७ महिन्यांपर्यंत काय घडलेलं असतं

बाळ जन्मतः कोणा एकाचं नसतं. पहिल्या काही आठवड्यांत त्याला कोणीही उचललं, थोपटलं, तरी ते शांत होतं. आईचा आवाज आणि वास ते ओळखतं, पण तिच्यासाठी अडून बसत नाही. दोन-तीन महिन्यांनंतर ओळखीच्या चेहऱ्याला जास्त हसू मिळायला लागतं. मग साधारण सहा-सात महिन्यांच्या सुमारास चित्र पालटतं. आई खोलीतून बाहेर पडली की बाळ रडतं, रांगायला लागलं असेल तर मागे जातं, अनोळखी माणसाने हात पुढे केले की मान फिरवून आईच्या खांद्यात तोंड लपवतं. आजवर कोणाकडेही जाणारं बाळ अचानक 'चिकट' झालं म्हणून घरचे कुरकुरतात. खरं तर या वयात हेच व्हायला हवं. आता त्याच्या मनात एक ठराविक माणूस पक्का झालेला असतो, आणि भीती वाटली, दुखलं, थकवा आला की त्याच माणसाकडे जायचं हेही पक्कं झालेलं असतं.

हा माणूस कसा ठरतो, याबद्दल बराच काळ एक सोपं उत्तर दिलं जायचं: जो दूध पाजतो तो. १९५८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून ते खोडून काढलं. पिल्लांपुढे दोन नकली 'आया' ठेवलेल्या होत्या. तारेच्या 'आई'कडे दुधाची बाटली होती, तरी पिल्लं मऊ कापडाच्या 'आई'लाच बिलगून बसत. माणसांच्या बाळांबद्दलचा पुरावा ग्लासगोमधून आला. रुडॉल्फ शाफर आणि पेगी इमर्सन यांनी ६० बाळांचा पाठपुरावा करून १९६४ मध्ये निष्कर्ष मांडले. बाळ जुळतं ते त्याच्या हाकेला ओ देणाऱ्या, त्याच्याशी खेळणाऱ्या माणसाशी. तो माणूस दिवसभर घरात असतोच असं नाही आणि भरवण्याचं काम त्याच्याकडे असतंच असंही नाही. वडील, आजी, शेजारची ताई, कोणीही असू शकतं. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेक बाळांचे अनुबंध एकापेक्षा जास्त माणसांशी जुळले होते.

बोल्बी यांचा सिद्धांतही याच काळात आकार घेत होता. १९५१ मध्ये त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांबद्दल अहवाल लिहिला. पुढे त्यांनी मांडलं की जवळ राहण्याची ही ओढ भुकेइतकीच मूलभूत आहे. उत्क्रांतीच्या प्रवासात जी पिल्लं मोठ्यांना धरून राहिली ती शिकाऱ्याच्या तावडीतून वाचली. रडणं, हसणं, बिलगणं, मागे मागे जाणं ही सगळी मोठ्या माणसाला जवळ ठेवण्याची साधनं आहेत. तो जवळ आहे याची खात्री असली की मूल त्याच्यापासून लांब जाऊन खेळतं, जग पाहतं. खात्री गेली की खेळही थांबतो.

आता जॉनचं वय पुन्हा बघा. १७ महिने. अनुबंध पूर्ण तयार आहे आणि आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे हे त्याला कळतं. पण 'नऊ दिवसांनी येईन' हे समजायला लागणारी भाषा अजून आलेली नाही आणि काळाचा अंदाज तर मुळीच नाही. आठवण धरून ठेवता येते, वाट बघणं मात्र जमत नाही. या वयातला विरह इतका जड का जातो, ते यावरून कळतं.

बालगृहातले दिवस

पहिल्या सकाळी जॉनला जाग आली तेव्हा समोर अनोळखी पण हसरी नर्स होती. त्याने तिला प्रतिसाद दिला, कपडे घालून घेतले. सुरुवातीला तो घरी वागायचा तसाच बराचसा वागला. शांत, समंजस, एकटाही खेळत बसणारा मुलगा. वडील भेटायला येऊन गेले. पहिल्या दोन दिवसांत कोणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काळजीचं कारण नाही.

तिथली कामाची पद्धत मात्र समजून घ्यायला हवी. नर्सेसना मुलं वाटून दिलेली नव्हती, कामं वाटून दिलेली होती. कोणी भरवायचं, कोणी आंघोळी घालायच्या, कोणी कपडे बघायचे, कोणी खेळाच्या खोलीत थांबायचं. पाळ्या बदलत. सकाळी ज्या नर्सने जॉनला उचलून घेतलं, ती दुपारी दुसऱ्याच खोलीत किंवा सुट्टीवर. त्यात खोलीतली बाकीची मुलं जवळजवळ जन्मापासून तिथेच वाढलेली. एकाच माणसाने सातत्याने केलेली माया त्यांना कधी मिळाली नव्हती. मोठ्यांचं लक्ष हे भांडून, ढकलून, ओरडून मिळवायचं असतं, एवढं ती शिकली होती.

जॉनने या सगळ्यात काय केलं, हा मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. त्याने प्रयत्न केला. एखादी नर्स खाली बसली की तो हळूच तिच्याजवळ जाऊन उभा राहायचा. मांडीवर जागा मिळेल या आशेने वाट बघायचा. तेवढ्यात दुसरं एखादं दांडगं मूल मध्ये घुसून जागा घ्यायचं आणि जॉन मागे सरायचा. कधी त्याला उचलून घेतलंही जायचं, पण मग काहीतरी काम निघायचं आणि त्याला खाली ठेवलं जायचं. दुसऱ्या वेळी तो दुसऱ्या नर्सकडे जायचा. एक आई हरवली तर तिच्या जागी दुसरं कोणीतरी मिळवण्याची धडपड १७ महिन्यांचं मूल स्वतःहून करत होतं, आणि ती प्रत्येक वेळी पाळीपत्रकावर आपटून फुटत होती.

तिसऱ्या दिवसापासून फरक दिसायला लागला. तो खोलीच्या टोकाला जाऊन उभा राहू लागला, बराच वेळ रडू लागला. चौथ्या दिवशी खाणं नाकारलं. नर्सेसऐवजी आता त्याने एका भल्यामोठ्या टेडी अस्वलाला धरलं. त्यालाच मिठी मारायची, त्याच्यावर डोकं ठेवून जमिनीवर पडून राहायचं. रडण्याचा आवाजही बदलत गेला. सुरुवातीला त्यात हाक होती. नंतर ते नुसतंच कण्हत राहिल्यासारखं, कोणाला उद्देशून नसलेलं रडणं झालं.

वडिलांच्या एका भेटीत जॉनने त्यांना चिमटे काढले, चापट्या मारल्या. मग अचानक चेहरा उजळला. उठून तो दाराशी गेला, बाहेर घालायचे बूट घेऊन आला. बोलता येत नव्हतं, पण म्हणणं स्वच्छ होतं: मला घरी ने. वडील न्यायला आलेले नाहीत हे लक्षात आल्यावर त्याचा चेहरा कोसळला. तो तिथून निघून नर्सकडे गेला, तिच्याजवळून वळून वडिलांकडे पाहिलं आणि मग तिच्याकडेही पाठ फिरवून लांब जाऊन एकटा बसला.

रॉबर्टसन आणि बोल्बी यांनी विरहाचे तीन टप्पे १९५० च्या दशकातच वर्णन केले होते. आधी निषेध, म्हणजे रडणं, शोधणं, चिडणं. मग हताशा, जेव्हा मूल मिटून जातं. शेवटी अलिप्तता, जेव्हा मूल पुन्हा खायला-खेळायला लागतं, पण आई आली तरी तिच्याकडे जात नाही. जॉन पहिल्यातून दुसऱ्यात गेलेला दिसतो आणि तिसऱ्याच्या खुणा शेवटच्या दिवशी दिसतात. इथे एक गोष्ट ठासून सांगते. 'आता रडत नाही, रुळला' असं म्हणून मोठी माणसं ज्या क्षणी सुटकेचा श्वास सोडतात, तो क्षण बऱ्याचदा निषेधाकडून हताशेकडे जाण्याचा असतो. रडणाऱ्या मुलाची आशा अजून शाबूत असते. न रडणाऱ्या, कोपऱ्यात पडून राहणाऱ्या, अंगठा चोखत शून्यात बघणाऱ्या मुलाकडे आधी धावायला हवं.

आई आली तेव्हा

नवव्या दिवशी जॉन उठल्यापासूनच रडत होता. आई खोलीत आली. त्याने तिच्याकडे एक नजर टाकली आणि मोठमोठ्याने रडत तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा फिरवलं. तिने मांडीवर घेतलं तर पाठीची कमान करून तिच्यापासून दूर होण्यासाठी झगडू लागला. शेवटी खाली उतरून धावत गेला तो जॉइस रॉबर्टसन यांच्याकडे, म्हणजे नऊ दिवस खोलीत बसून नुसत्या नोंदी घेणाऱ्या बाईकडे. त्यांनी त्याला शांत केलं, प्यायला दिलं आणि परत आईकडे सोपवलं. तो तिच्या कुशीत शिरला, आपलं पांघरूण घट्ट धरून. पण तिच्याकडे बघेना. थोड्या वेळाने वडील आले, तेव्हा तो धडपडत त्यांच्याकडे गेला, रडणं थांबलं, आणि वडिलांच्या हातांतून त्याने आईकडे पहिल्यांदा थेट पाहिलं. बराच वेळ, कठोरपणे. याआधी त्याने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, असं आई म्हणाली.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये अनुबंध तपासण्याची जी पद्धत बसवली, त्यात साधारण २० मिनिटांत आई दोनदा बाहेर जाते आणि दोनदा परत येते. सुरक्षित अनुबंध असलेलं मूल आई परतल्यावर तिच्याकडे येतं, समाधान पावतं आणि पुन्हा खेळायला लागतं. काही मुलं तिला टाळतात. काही तिला धरतातही आणि ढकलतातही. मूल आई गेल्यावर किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर कसं वागलं, याला एन्सवर्थ यांनी जास्त महत्त्व दिलं. जॉनच्या वागण्यात टाळणं आणि ढकलणं दोन्ही आहे. म्हणून काहीजण त्याला 'असुरक्षित' असा शिक्का मारून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. ती कसोटी काही मिनिटांच्या ताणासाठी आहे. नऊ दिवसांचा ताण पडला तर चांगला, घट्ट अनुबंधही असाच फाटलेला दिसेल. आईवरचा तो राग मुळात ती त्याची किती होती याचीच साक्ष आहे.

जेन आणि जॉन

हे प्रकरण एकटंच वाचलं तर निष्कर्ष चुकीचा निघेल: आईने मुलाला कधीच सोडू नये. रॉबर्टसन दांपत्याने याच मालिकेत आणखी चार मुलांचा अभ्यास केला, आणि तिथे फरक दिसतो. त्या चौघांना त्यांनी स्वतःच्या घरी सांभाळलं. त्यांच्याही आया बाळंतपणासाठीच दवाखान्यात होत्या. त्यातली जेन तर बरोबर जॉनच्याच वयाची, १७ महिन्यांची, आणि ती दहा दिवस राहिली.

आईपासून दूर जाण्याआधीच जेनची जॉइसशी ओळख करून दिलेली होती. ती काय खाते, कशी झोपते, रडली तर काय केल्यावर शांत होते, हे आईकडून नीट समजून घेतलं होतं. तिचं घरचं अंथरूण-पांघरूण, खेळणी सोबत होती. आईचा फोटो होता आणि तिच्याबद्दल बोलणंही चालू असायचं. वडील रोज येत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सकाळी उठवणारी, भरवणारी, न्हाऊ घालणारी, रात्री थोपटणारी बाई एकच होती. जेनला त्रास झालाच नाही असं नाही. ती अधूनमधून चिडचिडी व्हायची, आईची आठवण तिला होती. पण ती खेळत राहिली, जेवत राहिली, आणि आई आल्यावर तिला ओळखून हसत तिच्याकडे गेली.

वय तेच, कारण तेच, दिवस जवळपास तेवढेच. वेगळं होतं ते एवढंच की एकीला धरायला एक माणूस मिळाला आणि दुसऱ्याला मिळाले अनेक हात. स्वभावाचा आणि घरच्या वळणाचा भाग असतोच, पाच मुलांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. तरी १९७१ च्या निबंधात रॉबर्टसन दांपत्याने ठामपणे लिहिलं की हताशा हा विरहाचा अटळ परिणाम नाही. आईच्या जागी कोणी नीट उभं राहिलं तर मूल सावरू शकतं. बोल्बी यांना हे पूर्ण पटलं नाही. चांगला सांभाळ मिळालेल्या मुलांतही तीच प्रतिक्रिया सौम्य रूपात दिसते, असं ते म्हणत. मला दोघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं वाटतं, आणि कामाच्या दृष्टीने रॉबर्टसनांचं जास्त उपयोगी. विरह टाळणं नेहमी आपल्या हातात नसतं. त्या काळात मुलाजवळ कोण असेल, हे बऱ्याचदा असतं.

घरी परतल्यावर

पहिला आठवडा जॉन खूप रडला, आदळआपट करत राहिला. आईबापांनी जवळ घेतलं तर घेऊ देईना, खेळायला बोलावलं तर येईना, आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. दुसऱ्या आठवड्यात जरा शांत झाला. तिसऱ्यात पुन्हा बिघडला. खाणं सोडलं, वजन उतरलं, रात्रीची झोप गेली, आणि आता तो आईला चिकटून राहू लागला. हादरलेल्या आईबापांनी घरातली सगळी घडी त्याच्याभोवती बसवली, नव्या बाळाच्या धावपळीतही. हळूहळू तो सावरला. पण घरी येऊन महिनाभर झाल्यावर जॉइस त्याला भेटायला आल्या आणि नुसत्या त्यांच्या दिसण्याने तो पुन्हा काही दिवस खाणंपिणं सोडून बसला. बालगृहात आधार दिलेली बाई आता त्या दिवसांची खूण झाली होती.

साडेचार वर्षांचा जॉन आनंदी, चुणचुणीत मुलगा होता. दोनच गोष्टी उरल्या होत्या. आई जिथे असेल असं वाटलं तिथे ती नसली की तो फार घाबरायचा. आणि दर काही महिन्यांनी, वरवर कारण नसताना, काही दिवस तिच्याशी भांडखोरपणे वागायचा. नऊ दिवसांनी आयुष्य उद्ध्वस्त झालं असं म्हणणं अतिरेक ठरेल. पण 'लहान आहे, विसरून जाईल' हेही या नोंदींपुढे टिकत नाही.

आपल्याकडे हे कुठे लागू पडतं

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी थोरल्याला आजी, मावशी किंवा आत्याकडे ठेवणं आपल्याकडे नवं नाही. जिथे ती आजी मुलाच्या रोजच्या ओळखीची आहे तिथे जेनसारखी तयारी आपोआप झालेली असते. पुण्या-मुंबईत दोघंच राहणाऱ्या, किंवा परदेशात असलेल्या जोडप्यांकडे तसं नसतं. व्हिडिओ कॉलवर पाहिलेली आजी विमानातून उतरली आणि तिसऱ्या दिवशी आई दवाखान्यात गेली, तर मुलाच्या लेखी ती आजी जवळजवळ अनोळखीच असते. अशा घरांना मी सांगते, आजीला निदान दोन-तीन आठवडे आधी बोलवा. आणि त्या दिवसांत आंघोळ, जेवण, झोपवणं यातलं थोडं थोडं आई घरात असतानाच तिच्याकडे द्या. आई न सांगता, मूल झोपेत असताना निघून गेली तर जाणं सोपं होतं, पण जाग आल्यावर मुलाला जे कळतं ते वाईट. शब्द समजले नाहीत तरी निरोप घेऊन जावं.

पाळणाघर निवडताना लोक कॅमेरे बघतात, खेळणी बघतात, फी विचारतात. माझ्या यादीत वरचे प्रश्न वेगळे आहेत. माझ्या मुलाला रोज घेणारी ताई एकच असेल का? तिच्याकडे किती मुलं असतील? ती सुट्टीवर असेल तेव्हा कोण, आणि त्या दुसरीशी त्याची ओळख आधी झालेली असेल का? पहिला आठवडा मी थोडा वेळ सोबत बसू शकते का? वरच्या वर्गात गेल्यावर ताई लगेच बदलणार का? घरचं मळकं पांघरूण किंवा जुनी बाहुली आणलेली चालेल का? आणि शेवटचा, ज्याच्या उत्तरावरून मला त्या जागेचा अंदाज येतो: एखादं नवं मूल रडत नाही, पण खेळतही नाही, असं दिसलं तर तुम्ही काय करता?

ब्रिटनमधली निवासी बालगृहं पुढच्या दोन दशकांत बंद होत गेली आणि लहान मुलांना कुटुंबात ठेवण्याकडे कल वळला. रॉबर्टसन यांच्या आधीच्या, दवाखान्यातल्या दोन वर्षांच्या मुलीवरच्या १९५२ च्या माहितीपटाला सुरुवातीला डॉक्टर-नर्सेसकडून कडवा विरोध झाला होता. पण १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईबापांना दवाखान्यात मुलांना हवं तेव्हा भेटू द्यावं आणि लहान मुलासोबत आईला राहू द्यावं अशी शिफारस केली. आपल्या सरकारी आणि खासगी दवाखान्यांत आई लेकराजवळ खाटेवर बसलेली दिसते, ते आपल्याला साहजिक वाटतं. अतिदक्षता विभागात मात्र आजही अनेक ठिकाणी भेटीची वेळ मिनिटांत मोजली जाते. तिथल्या वॉर्डप्रमुखांशी बोलताना मी जॉनच्या तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाच्या नोंदी वाचून दाखवते, आणि विचारते की तुमच्या पाळीपत्रकात एका मुलामागे एक ठरलेली सिस्टर बसवायला काय लागेल.